पोहता येत नाही तरी कॅटामरानवर जायचंय? लातूरकरांसाठी मॉरिशसच्या बेटावरचा एक दिवस, सगळं बैजवार

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मॉरिशसला जाऊन आलो, तेव्हापासून शाळेत, गल्लीत, माहेरी औशाला, जिथं जाईल तिथं सगळे एकच विचारायलेत, ते बोटीच्या जाळीवर बसलेले फोटो कुठले आणि तुम्हाला पोहता येत नाही तर तुम्ही गेलात कसे. फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून काढते, लांब झालंय पण जायचं असेल तर पूर्ण वाचा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला कुणी सांगितल्या नव्हत्या.

आम्ही चौघं होतो. मी, आमचे हे, नऊ वर्षांचं लेकरू आणि चौसष्ट वर्षांच्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. चौघांत पोहणारे एकटे हे, तेही शेतातल्या विहिरीत शिकलेले. आत्यांनी समुद्र त्याआधी एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला, तोही काठावरून. आणि त्याच आत्या समुद्रात छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायाखालचे मासे बघून आल्या. त्यामुळं पहिलं हे डोक्यातनं काढा की पोहता आलं पाहिजे. पोहायची अट नाही. ज्या गोष्टींनी दिवस खराब होतो त्या वेगळ्याच आहेत: चुकीच्या बाजूचा किनारा, पोटात होणारी मळमळ, जेवणाचा घोळ, ऊन आणि बोटीची शिडी. या पाच गोष्टी सांभाळल्या की झालं.

कॅटामरान म्हणजे काय ते आधी सांगते. दोन अरुंद बोटी शेजारीशेजारी ठेवून त्यावर एकच मोठा डेक टाकलेला असतो. शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. बूड रुंद असल्यामुळं ती साध्या बोटीसारखी या कुशीवरून त्या कुशीवर हिंदकळत नाही, आणि पाण्यात फार खोल बुडत नसल्यामुळं बेटाच्या उथळ पाण्यातही बरीच जवळ जाते. पुढं दोन्ही बोटींच्या मधे जाळी ताणलेली असते, त्यावर लोळत जायचं. शीड असतं, पण बऱ्याचदा इंजिनावरच चालवतात, शिडाच्याच भरवशावर जाणार असं समजून जाऊ नका.

आधी किनारा ठरवा, मग बोट

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि आपल्याकडचे एजंट हेच सांगत नाहीत. मॉरिशस हे छोटं बेट आहे, त्याच्या आजूबाजूला प्रवाळाची रिंग आहे, त्या रिंगेच्या आत शांत उथळ पाणी आणि बाहेर खरा समुद्र. बोटी मुख्य तीन बाजूंनी सुटतात.

पूर्वेकडून इल ओ सर्फ नावाच्या बेटावर जातात, नावाचा अर्थ हरणांचं बेट. त्या बाजूच्या गावाचं नाव त्रू दो दूस, म्हणजे गोड्या पाण्याचा झरा. मला ते नाव इतकं आवडलं की वहीत लिहून ठेवलं. इथं जाताना वाटेत नदीच्या मुखापाशी एक धबधबा दाखवतात, वाळू पांढरीशुभ्र आहे, बेटावर खाण्यापिण्याची हॉटेलं आणि पाण्यातले खेळ आहेत, म्हणजे गर्दी पण आहे.

पश्चिमेकडून इल ओ बेनिटिए. ब्लॅक रिव्हर किंवा ला गोलेत या भागातून बोटी सुटतात. वाटेत पाण्यातून वर आलेला एक खडक आहे, क्रिस्टल रॉक म्हणतात, आणि समोर कायम ल मोर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा डोंगर दिसत राहतो.

उत्तरेकडून ग्रां बे इथून इलो गॅब्रिएल आणि फ्लॅट आयलंड. ही बेटं सुंदर आहेत, पण जाताना रिंगेच्या बाहेर खुल्या समुद्रातून जावं लागतं, तिथं बोट चांगली आपटते. म्हातारं माणूस, लहान लेकरू किंवा एसटीत ज्याला मळमळतं असं कुणी बरोबर असेल तर पहिल्याच खेपेला हे नको, असं माझं स्पष्ट मत.

आता वाऱ्याचं गणित. तिथं वर्षभर वारा आग्नेयेकडून वाहतो आणि जून ते सप्टेंबर लई जोरात वाहतो. म्हणजे त्या महिन्यांत पूर्वेचा किनारा वाऱ्याच्या तोंडावर आणि पश्चिमेचा डोंगरांच्या आडोशाला. आपल्याकडं शेतात कडबा रचताना वाऱ्याची दिशा बघतात ना, तसंच हे. उन्हाळी सुट्टीत मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये जाणार असाल तर डोळे झाकून पश्चिम घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारा कमी असतो, पाणी कोमट व्हायला लागतं, तेव्हा पूर्व पण चालते. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळाचा जोर असलेला काळ, तेव्हा स्वस्त पॅकेज मिळतं म्हणून धावू नका, वादळाचा इशारा आला की बोटी बंद.

ऋतू तिथं उलटे असतात हे विसरू नका, आपला मे म्हणजे त्यांच्या थंडीची सुरुवात. फार कडाक्याची नाही, पण ओल्या कपड्यात वारा लागला की लेकरं कुडकुडतात.

आम्ही पश्चिम घेतली, आत्यांमुळं. दिवाळी असूनही. पुन्हा गेलो तर पूर्व बघू, पण पहिल्यांदा पश्चिमच.

बुकिंग

मॉरिशसला आपल्या पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागत नाही, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरलेला लागतो, तो फुकट असतो. लातूरहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबई आणि तिथून विमान, साधारण सहा-साडेसहा तास. यावर जास्त लिहीत नाही, हे सगळीकडं मिळेल.

बोटीचा दिवस कुठं ठेवायचा ते मात्र नीट ऐका. पोहोचल्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी कधीच नको. वारा वाढला, पाऊस आला तर बोट रद्द होते आणि पुढचा दिवस देतात, पण तुमच्याकडं पुढचा दिवस शिल्लक पाहिजे ना. रविवार टाळा, तिथले लोक पण डबे घेऊन बेटावर येतात. आणि दिवाळीच्या आसपास जाणार असाल तर २ नोव्हेंबर बघून घ्या, त्या दिवशी तिथं सरकारी सुट्टी असते. १८३४ साली त्याच तारखेला भारतातून करारावरचे मजूर घेऊन अ‍ॅटलस जहाज तिथं लागलं, त्याची आठवण म्हणून.

बोटवाल्याला पैसे देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर हे विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं, फोनवरचं बोलणं धरू नका:

बोटीला टुरिझम ऑथॉरिटीचं लायसन्स आहे का, आणि किती माणसं बसवणार. तीस-चाळीस माणसं हे शेअरिंग बोटीत नेहमीचं आहे. लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, वजन सांगून विचारा, नुसतं हो म्हणाले तर फोटो मागवा. बोटीत चढायचं जेट्टीवरून की पाण्यातून चालत जाऊन छोट्या होडीतून. हॉटेलवरून नेण्या-आणण्याचे पैसे त्यात धरलेत का. हवामानामुळं रद्द झालं तर पैसे परत की दुसरा दिवस. बेटावर किती वेळ थांबणार, कारण कागदावर पूर्ण दिवस असतो पण बेटावर दीड-दोन तासच मिळतात, उरलेला वेळ जाण्या-येण्यात आणि जेवणात जातो.

पैशांचा अंदाज: त्यांचा एक रुपया आपल्या दीड-दोन रुपयांच्या घरात पडतो, तेव्हा दोन हजार ऐकून आपले दोन हजार समजू नका. आणि बीचवर फिरणाऱ्या माणसाकडून पावती न घेता बुकिंग करू नका, ते आम्ही केलं, पुढं सांगते काय झालं ते.

जेवण

बोटीवरच शेगडीवर भाजून जेवण करतात. चिकन, मासे, सॉसेज, सोबत सॅलड, पाव, आणि प्यायला बिअर, रम, कोल्ड्रिंक पाहिजे तेवढं. आम्ही माळकरी घरातले, आत्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. बीचवरच्या त्या माणसानं हात वर करून सांगितलं की व्हेज नो प्रॉब्लेम, आणि प्रत्यक्षात बोटीवर आत्यांच्या ताटात कोबीचं सॅलड आणि कोरडा पाव. ज्या जाळीवर मासे भाजले त्याच जाळीवर वांग्याचे काप टाकायला निघाले होते, मी थांबवलं. त्या बोटीवरच्या पोरांचा दोष नाही, त्यांच्यापर्यंत निरोपच पोहोचला नव्हता.

तर असं करा. दोन दिवस आधी लिहून पाठवा, किती माणसं शाकाहारी, अंडं चालत नाही, मासा चालत नाही, आणि भाजणं वेगळ्या तव्यावर किंवा फॉइलमध्ये. तिथं फ्रेंच आणि क्रिओल ही तिथली बोली चालते, म्हणून सां व्यांद, सां प्वासों, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं पाठ करून ठेवा, मासा म्हणजे शाकाहारच असं समजणारे भेटतात. सकाळी बोटीत पाय ठेवल्याठेवल्या परत एकदा सांगा, जेवायच्या वेळी नाही. आणि तरीही स्वतःची शिदोरी ठेवाच. घरून बंद पाकिटातला कोरडा खाऊ न्यायचा, ताजी फळं, भाज्या, बियाणं विमानातून नेऊ नका, तिथं त्यावर कडक तपासणी असते. आम्ही दशम्या नेल्या होत्या दुधात मळलेल्या, सोबत शेंगादाण्याची चटणी. आत्यांनी पावावर ती चटणी घालून खाल्ली आणि बाजूच्या रशियन बाईंना पण दिली, त्यांनी दोनदा मागितली.

बेटावरून आल्यावर दुसऱ्या दिवशी गावात ढोल पुरी नक्की खा. डाळ भरलेली मऊ पोळी, म्हणजे आपली पुरणपोळीच पण गोड नसलेली, वर वालासारख्या दाण्यांची उसळ आणि चटणी. आत्यांचं सगळ्यात आवडलेलं जेवण तेच.

घरून करायची तयारी

निघायच्या आधी पंधरा दिवस एक प्रॅक्टिस करा, खर्च काही नाही. स्नॉर्कलिंगला, म्हणजे तोंड पाण्यात घालून वरून मासे बघायला, जो मोठा चष्मा (त्याला मास्क म्हणतात) आणि नळी लागते ती ऑनलाइन साधी घ्या आणि घरी बादलीत पाणी घेऊन त्यात तोंड घालून श्वास घ्यायला शिका. नाक काचेच्या आत बंद असतं, श्वास फक्त तोंडानं. पोहता न येणाऱ्या माणसाची भीती पाण्याची नसते, नाकानं श्वास येत नाही त्या क्षणाची असते. आमच्या लेकरानं आठ दिवस रोज संध्याकाळी बादलीत तोंड घातलं आणि समुद्रात ते माझ्यापेक्षा निवांत होतं. आत्यांनी पण दोन दिवस केलं, दार लावून. स्वतःचा मास्क असला की मापाचाही प्रश्न सुटतो, बोटीवरचे मास्क लेकरांच्या तोंडाला मोठे होतात आणि आत पाणी शिरतं.

कपडे. साडी नको. हे मी आत्यांना कसं सांगितलं ते माझं मला माहीत, पण सांगावं लागलं. ओली साडी दुपटीनं जड होते, शिडीच्या दांडीत अडकते आणि वाऱ्यात पदर तोंडावर येतो. त्यांना मी गडद रंगाचा सिंथेटिक लांब बाह्यांचा कुर्ता आणि जाड लेगिंग घेतली, लातूरच्याच दुकानातून, ओढणी नाही. त्या आधी लाजल्या, मग बोटीवर बाकीच्यांचे कपडे बघून म्हणाल्या, "अगं, माझंच अंग सगळ्यात झाकलेलं हाय की." सुती कपडा घालू नका, तो वाळत नाही. पायातल्या जोडव्या, पैंजण, अंगठ्या, लांब मंगळसूत्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवा, पाण्यात बोटं आकसतात आणि जोडवं कधी गेलं कळत पण नाही. चष्म्याला मागून दोरी लावा.

पायात रबरी तळाचे वॉटर शूज घ्याच, स्वस्तातले चालतात. तिथल्या पाण्यात दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो, स्टोनफिश, आणि काटेरी समुद्री साळिंदरं. चपलेचा उपयोग नाही, ती पाण्यात सुटते. स्टोनफिशचा काटा लागलाच तर पाय सोसवेल एवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा, अँब्युलन्सचा नंबर ११४.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. झोपेच्या, गुंगीच्या गोळ्या आणि कडक पेनकिलर न्यायला तिथं आधी परवानगी लागते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा औषधाचा डबा निघायच्या आधी नीट तपासा.

मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाकीट घेतलंत तर आधी त्यात टिश्यू पेपर ठेवून अर्धा तास बादलीत बुडवून बघा. आमच्या दोनपैकी एकात पाणी शिरलं, घरीच कळलं ते बरं झालं.

त्या दिवशी सकाळी

घड्याळ तिथं आपल्या दीड तास मागं असतं, त्यामुळं पहिले दोन-तीन दिवस आपोआप पहाटे जाग येते, त्याचा फायदा घ्या. नाश्ता करायचा पण थोडा, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं हे लोकांना माहीत नसतं. तळलेलं, दूध, जास्त चहा नको. टोस्ट, केळ, थोडं आल्याचं पाणी.

मळमळीची गोळी बोट सुटल्यावर घेऊन काही होत नाही, निदान तासभर आधी घ्यावी लागते. कोणती आणि किती ते आपल्या डॉक्टरांना इथंच विचारा, विशेषतः बीपी, काचबिंदू, प्रोस्टेट असणाऱ्यांनी, आणि गोळीनं झोप येते म्हणून त्यावर बिअर तर अजिबात नाही. गोळी एक दिवस घरी घेऊन बघा म्हणजे किती गुंगी येते ते कळतं.

उन्हाचं काय सांगू. लातूर विषुववृत्ताच्या जेवढं वर आहे, मॉरिशस जवळजवळ तेवढंच खाली आहे, आणि तिथं नोव्हेंबरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे आपल्या मे महिन्याचं ऊन, पण वर गार वारा, त्यामुळं भाजतंय हे कळतच नाही. आपण म्हणतो आम्ही मराठवाड्याचे, आम्हाला उन्हाचं काय कौतुक. मी पण म्हणाले. संध्याकाळी पायाचे वरचे पंजे, कानाची टोकं आणि केसांतला भांग असा भाजला होता की दोन दिवस कंगवा लागू देत नव्हता. पाण्यावरून ऊन परत उलटून वर येतं, टोपीच्या खालून लागतं. सनस्क्रीन निघायच्या वीस मिनिटं आधी, पायाच्या पंज्यांना आणि मानेला विसरू नका, पाण्यातून बाहेर आलं की परत. पण जेवढं अंग कपड्यानं झाकाल तेवढं चांगलं, क्रीम धुऊन प्रवाळावर जाण्यापेक्षा लांब बाह्या बऱ्या. टोपीला हनुवटीखाली दोरी पाहिजे, आमच्या ह्यांची टोपी पहिल्या पाच मिनिटांत गेली.

बोटीवर

चढताना सगळ्यांच्या चपला एका टोपल्यात ठेवायला लावतात, बोटीवर अनवाणीच. एक हात कायम बोटीच्या दांडीला, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चढू नका, पिशव्या आधी आत द्या. उडी मारायची नाही, होडी वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. आत्यांना दोन पोरांनी काखेत हात घालून घेतलं, त्यांना त्याची सवय असते, लाजू नका.

जागा कुठं धरायची? सगळे पळत पुढच्या जाळीवर जातात. तुम्ही आधी मागच्या बाजूला, मधोमध, सावलीत म्हाताऱ्यांसाठी जागा धरा. तिथं बोट सगळ्यात कमी हलते. मळमळणाऱ्या माणसानं खालच्या केबिनमध्ये जायचं नाही, मोबाइलात बघायचं नाही, लांब क्षितिजाकडं किंवा त्या ल मोर्नच्या डोंगराकडं बघत राहायचं. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला जातोय त्या बाजूला, आणि बोटीच्या माणसाला सांगून. जाळीवर अर्धा तास बसा, फोटो काढा, मजा आहेच, खालून पाणी उडतं, लेकरू तर ओरडत होतं नुसतं. पण जाळीवर पळणं नाही, आणि लेकराच्या अंगात जॅकेट पूर्ण वेळ.

टॉयलेट छोटं असतं आणि पंप मारावा लागतो, सुरुवातीलाच वापरून बघा.

डॉल्फिनबद्दल. पश्चिमेला तामारिनच्या खाडीत ते सकाळी येतात, आणि येतात ते रात्रभर खाऊन विश्रांती घ्यायला. स्पीडबोटी त्यांच्या मागं लागतात, माणसं पुढ्यात उड्या मारतात. मला ते बघवलं नाही. लांबून दिसले तर बघा, पण वेगळे पैसे भरून पाठलाग करणारी ट्रिप घेऊ नका, त्यांची झोप आहे ती.

बोटीवरचा एक पोरगा आत्यांना बघून हळूच म्हणाला, "आजी, बसा." आम्ही बघतच राहिलो. त्याचं घर कास्कावेलकडं, पणजोबांचे वडील कोकणातून गेलेले, घरी क्रिओल बोलतात पण शाळेत मराठी शिकला होता आणि गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला त्या देशात सुट्टी असते. आत्यांनी त्याला गाव विचारलं, त्याला तेवढं माहीत नव्हतं. पुढं दिवसभर त्यानंच आत्यांचा हात धरला.

पाण्यात उतरणं

इथं घाई करू नका. बोट नांगर टाकते आणि लोक धडाधड उड्या मारतात, त्यांना मारू द्या. पोहता न येणाऱ्यांनी आधी बोटीवाल्याला सरळ सांगायचं की मला पोहता येत नाही. लपवू नका, लाजू नका, हे सांगितलं की ते रबरी रिंग देतात आणि एक माणूस बरोबर ठेवतात.

जॅकेट घट्ट बांधा. तपासायचं कसं? दोन्ही खांद्यांना धरून कुणालातरी वर ओढायला सांगा, कानापर्यंत वर आलं तर सैल आहे. शिडीवरून उतरताना तोंड बोटीकडं, जिन्यासारखं पुढं बघत नाही. शेवटच्या पायरीवर बसून कंबरेपर्यंत पाण्यात एक मिनिट थांबा, अंगाला पाण्याची सवय होऊ द्या. मग मास्क लावून, हातानं शिडी धरूनच, फक्त तोंड पाण्यात घाला आणि बादलीत केलं तसं दहा श्वास घ्या. दहा झाले की हात सोडा आणि रिंग धरा. एवढंच. पाय मारायची गरज नाही, खारं पाणी आणि जॅकेट दोन्ही मिळून तुम्हाला वर धरतात. प्रवाळावर उभं राहायचं नाही, ते जिवंत असतं आणि पाय पण फाडतं.

विहिरीत पोहणाऱ्यांना वेगळं सांगते, कारण भीती नसलेल्या माणसाचा मला जास्त घोर. विहिरीत पाणी जागेवर असतं, चार हात मारले की कठडा. समुद्रात पाणी तुम्हाला घेऊन चालतं, मासे बघत वीस मिनिटं तरंगलात आणि मान वर केली की बोट लांब. आमच्या ह्यांचं तेच झालं, जॅकेट नको म्हणून गेले, परत येताना दम लागला, शेवटी रिंग फेकून ओढून घेतलं. तेव्हा कितीही पट्टीचा पोहणारा असो, जॅकेट घालायचं, दर दोन मिनिटांनी मान वर करून बोट बघायची, आणि आधी प्रवाहाच्या विरुद्ध दिशेनं जायचं म्हणजे परत येताना पाणी मदत करतं. आणि दारू पिऊन पाण्यात नाही. फुकट आहे म्हणून सकाळी दहालाच सुरू करणारे आपलेच लोक बघितले, दुपारी ते सावलीत आडवे आणि बेट राहिलं बाजूला.

बेटावर

बेनिटिएला बोट थोडी लांब थांबते, छोट्या होडीनं नेतात किंवा कंबरेएवढ्या पाण्यातून चालत जायचं. इथं भरती-ओहोटी कोकणासारखी नसते, अर्ध्या मीटरच्या आसपासच पाणी वर-खाली होतं, त्यामुळं पाणी अचानक चढेल ही भीती नको. उतरल्याबरोबर परतीची वेळ त्या माणसाला विचारा आणि स्वतःच्या घड्याळात लावा.

पहिली सुरूच्या झाडांखाली सावलीत जागा धरा, नारळपाणी घ्या. मग किनाऱ्याला समांतर चालत थोडं पुढं जा, सगळे उतरल्याजागीच घोळका करून बसतात, शंभर-दोनशे पावलं गेलं की वाळू मोकळी. पोहता न येणाऱ्यांसाठी हाच दिवसातला सगळ्यात चांगला भाग, पाणी कंबरेपर्यंत, तळ दिसतो, शांत. आत्या आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग माझा हात धरून छातीपर्यंत आल्या, मास्क लावून खाली बघितलं आणि हात सोडून दिला. किती तरी वेळ वर बघेचनात. वर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "एवढं पाणी, आन् तळ दिसतोय बघ."

शंख, प्रवाळ उचलून आणू नका, तिथं कायद्यानं बंद आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर पण बंदी आहे, कापडी न्या. मणी, टोप्या विकणारे येतात, नको असेल तर हसून नको म्हणा, मागं लागत नाहीत.

परत येताना सगळे थकलेले, ओले, वारा समोरून. लेकराचे कोरडे कपडे पिशवीत सगळ्यात वर ठेवलेले असावेत, तळाशी नाही. चार वाजेपर्यंत जेट्टीवर येतो माणूस.

हॉटेलवर आल्यावर लगेच सगळं गोड्या पाण्यात काढायचं, नाहीतर मिठानं मास्कची रबरं आणि बॅगेच्या चेनी जातात. मी शॉवर सुरू करायला गेले तर आत्यांनी बादली मागितली. आधी मास्क आणि चष्मे, मग त्याच पाण्यात कपडे, मग त्यातच शूज, आणि उरलेल्या पाण्यानं गॅलरीतली वाळू धुतली. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्याकडं घरात हाच क्रम होता, एक बादली, चार कामं. चौघांचं सगळं सामान तेवढ्यात निघालं.